पोलादपूर ते महाबळेश्वर : आंबेनळीचा रस्ता, वाट बदलणारा

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा राज्यमार्ग जेमतेम चाळीस किलोमीटरचा आहे. नकाशात बघितला तर एक वाकडीतिकडी रेघ, एका टोकाला मुंबई-गोवा हायवे आणि दुसऱ्या टोकाला महाबळेश्वरची बाजारपेठ. बहुतेक लोकांना हा रस्ता दोनच कारणांनी माहिती असतो, एक म्हणजे प्रतापगड आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यात टीव्हीवर येणारी "आंबेनळी घाटात दरड कोसळली" ही बातमी. पण माझं आजोळ पोलादपूर तालुक्यातलं आणि माझे मामा आयुष्यभर याच रस्त्यावर मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे कामगार, होते, त्यामुळे या रस्त्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं असतं, आणि घरात ऐकून घेणारे आता थकलेत म्हणून इथे लिहितोय.

खालून वर जाऊया, कारण आमच्या लोकांचा रस्ता खालूनच सुरू होतो.

पोलादपूर म्हणजे कशेडी घाटाच्या पायथ्याचं गाव, सावित्री नदीच्या काठाला. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या इथे चहाला थांबतात आणि पुढे निघून जातात. याच गावात कवींद्र परमानंदांची समाधी आहे हे मात्र थांबणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहिती असतं. शिवाजी महाराजांच्या हयातीत त्यांचं चरित्र संस्कृतात लिहिणारा हा माणूस, 'शिवभारत' त्यांचं, आणि त्यात अफजलखानाचं प्रकरण चांगलं सविस्तर आलंय. ज्या डोंगरात ते सगळं घडलं त्या डोंगराच्या पायथ्याशीच त्यांची समाधी असावी हे मला दर वेळी फार भारी वाटतं. हायवेवर थांबलात तर पाच मिनिटं काढून जाऊन या, एवढंच सांगेन.

पोलादपूर सोडलं की रस्ता पूर्वेला वळतो आणि काही किलोमीटर अगदी साधा आहे, भाताची खाचरं, आंब्या-फणसाची झाडं, कौलारू घरं. कापडे गाव लागतं. इथून एक फाटा उमरठला जातो, तानाजी मालुसऱ्यांचं गाव, त्यांची समाधी तिथेच आहे. १६७० च्या फेब्रुवारीत सिंहगडावर पडलेला माणूस शेवटी या कोकणातल्या खोऱ्यात परत आला. उमरठच्याही पुढे ढवळे गाव, तिथून चंद्रगड आणि ढवळे घाटानं थेट ऑर्थर सीटला चढणारी पायवाट, ट्रेकर लोकांना ती चांगली माहिती आहे. माझ्या आजीच्या लहानपणी मात्र ट्रेक वगैरे शब्द नव्हते, बायामाणसं असल्या वाटांनी डोक्यावर ओझं घेऊन वर जायची, महाबळेश्वरला विकायला नाहीतर कामाला. रस्ता असूनही पायवाट का, तर एसटीचे पैसे वाचतात म्हणून.

पायटे गावाच्या पुढे खरा घाट सुरू होतो आणि मग गाडीतली गप्पांची लय बदलते. एका बाजूला कापलेला कातळ, दुसऱ्या बाजूला सावित्रीचं खोरं. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की एकानं थांबायचं, आणि कुणी थांबायचं हे इथल्या ड्रायव्हरांना न बोलता कळतं, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बाहेरचे लोक इथेच गोंधळ करतात, दोघंही नाक घालतात आणि मग मागे दोन-दोन वळणं गाड्यांची रांग लागते.

आता जरा नीट समजून घेऊ की हा रस्ता इथेच का आहे, कारण मला यातच सगळ्यात जास्त रस आहे.

महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर वर. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीलाच म्हणायला हरकत नाही. म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास उतार. मध्ये प्रतापगडाची सोंड आहे, आणि गंमत अशी की सह्याद्रीची मुख्य धार या गडाजवळून जाते. गडाच्या अलीकडे पडलेलं पाणी सावित्रीत जातं, महाडवरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्रात. पलीकडे पडलेलं पाणी कोयनेत जातं, कराडला कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतं. एकाच पावसाचे दोन थेंब, हातभर अंतरावर पडले तर एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एकत्र बघतो ना आपण, त्यातल्या सावित्री आणि कोयना या दोघींच्या मधून हा रस्ता वाट काढतो.

आणि अशा ठिकाणी जिथे धार जरा खाली येते, खिंड पडते, तिथून माणसं वर-खाली करणारच. तशी ती करत आलीत, कित्येक शतकं. महाड हे जुनं बंदर, सावित्रीच्या खाडीतून गलबतं दासगाव-महाडपर्यंत यायची, महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी बघितली की हा व्यापार किती जुना असेल याचा अंदाज येतो. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, तांदूळ वर जायचा, देशावरून गूळ, मिरची, धान्य, तेल खाली यायचं, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. ही जी जुनी वाट होती तिचं नाव पारघाट. ती आजच्या रस्त्यावरून जात नव्हती हे लक्षात घ्या. प्रतापगडाच्या दक्षिणेला, खाली किनेश्वर आणि वर पार गाव, या दोघांच्या मधून ती चढायची. पारवरून पुढे महाबळेश्वरच्या पठारावर चढायला रडतोंडीचा घाट. म्हणजे दोन टप्प्यांत चढण, आधी कोकणातून कोयनेच्या खोऱ्यात आणि मग कोयनेच्या खोऱ्यातून पठारावर.

ज्याच्या हातात पारघाट त्याच्या हातात जावळी, आणि जावळी म्हणजे महाड ते वाई या सगळ्या येण्याजाण्यावर ताबा. चंद्रराव मोऱ्यांची सत्ता या घाटांवर आणि या दाट जंगलावरच उभी होती. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, आणि लगेच पारघाटाच्या डोक्यावर भोरप्या डोंगरावर गड बांधायला घेतला, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली. तोच प्रतापगड. लोक गडावर जाऊन भवानीचं दर्शन घेतात, बुरुजावर फोटो काढतात, पण दक्षिणेच्या तटावर उभं राहून खाली पारकडे आणि किनेश्वरकडे बघितलं ना की हा गड त्याच डोंगरावर का, हे कुणी न सांगता समजतं. तो जकात नाका पण आहे आणि दरवाजा पण आहे.

१० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती मी परत सांगत बसत नाही. फक्त रस्त्याच्या नजरेनं एकदा बघा. अफजलखान वाईला होता, मोकळ्या मैदानात, जिथे त्याचे हत्ती, घोडे, तोफा सगळं चालतं. महाराजांनी त्याला तिथून उचलून रडतोंडीच्या घाटानं खाली पारला आणलं. बखरी सांगतात की खानासाठी महाराजांनीच जंगल तोडून वाट करून दिली. म्हणजे आत यायची वाट एकच आणि तीही आपण दिलेली, बाकी सगळीकडे रान. गडावरून तोफेचा इशारा झाला आणि पारच्या छावणीवर मावळे तुटून पडले तेव्हा खानाच्या फौजेला पळायला दिशाच नव्हती. ही लढाई जितकी तलवारीची तितकीच रस्त्याची होती असं मला मनापासून वाटतं, आणि शाळेच्या पुस्तकात वाघनखांवर जेवढी शाई खर्च होते त्याच्या निम्मी तरी या घाटांवर व्हायला हवी.

पार गावात अजून दोन गोष्टी बघण्यासारख्या. एक रामवरदायिनीचं देऊळ. आणि दुसरा कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल. अजून उभा आहे, अजून वापरात आहे. प्रवाहाच्या बाजूला खांबांना निमुळता आकार दिलाय, पाणी आपटायच्या ऐवजी फाटून दोन्हीकडे निघून जातं. कोयनेचा हा उगमाजवळचा पट्टा आहे, पावसाळ्यात पाणी कसं येतं ते इथल्या लोकांना विचारा, झाडंच्या झाडं घेऊन येतं. तरी साडेतीनशे वर्षं झाली. मी पुलाखाली उतरून त्या दगडांवर हात ठेवून बघितलाय, सांधे असे बसवलेत की नख शिरत नाही. कोणत्याही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची सहल लोणावळ्याच्या ऐवजी इथे यायला पाहिजे.

आता इंग्रज. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर येऊन गेला, मग १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा घेतली आणि माल्कमपेठ वसली. साहेब लोकांना मुंबईचा उन्हाळा सोसत नव्हता. पण मुंबईहून महाबळेश्वरला यायचं कसं? तर आमच्याच बाजूनं. मुंबईहून समुद्रानं बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून दासगाव-महाड, मग पोलादपूर आणि पुढे पारघाट चढून वर. साहेब, मेमसाहेब पालखीत नाहीतर खुर्चीत, आणि उचलणारे आपले लोक. त्या चढावर, एप्रिल-मेच्या उन्हात! ज्यांनी उचललं त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, आणि आमच्या खोऱ्यातल्या जुन्या घरांपैकी कुणाकुणाचे खापरपणजोबा त्यात असतील हे आता कुणीच सांगू शकत नाही.

पारघाटाची चढण चाकाच्या गाडीला परवडत नव्हती. म्हणून मग नवीन आखणी झाली, गडाच्या दक्षिणेऐवजी उत्तरेकडून, लांब वळसे घेत, चढ सौम्य ठेवत. १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झगेराल्डचं नाव त्याला दिलं, फिट्झगेराल्ड घाट, आणि १८७० च्या दशकात तो वाहतुकीला खुला झाला. तोच आजचा आंबेनळी. म्हणजे आपण आज जी वळणं घेतो त्यांची मूळ आखणी बैलगाडी आणि टांग्यासाठी झालेली आहे. पुढे डांबर पडलं, कठडे आले, थोडं रुंदीकरण झालं, पण अंग तेच. म्हणूनच वळणं इतकी जवळजवळ आहेत पण चढ मात्र अंगावर येत नाही, बैलाला ओढता येईल एवढाच ठेवलाय. मोठ्या लक्झरी बसला वळण बसत नाही याचं कारणही तेच.

आणि इथे एक मजेशीर गोष्ट झाली. ज्यांच्या सोयीसाठी रस्ता केला ते साहेब लोक थोड्याच वर्षांत दुसरीकडून जायला लागले, कारण पुण्याहून मिरजेकडे रेल्वे झाली, वाठार स्टेशनला उतरायचं आणि वाई-पाचगणीवरून टांग्यानं वर. खाडीतून होडीनं येऊन घाट चढायची कुणाला हौस असणार. मग हा रस्ता कुणाचा राहिला? पोलादपूर, महाड आणि जावळी खोऱ्यातल्या लोकांचा. तेव्हापासून आजपर्यंत तो मुख्यतः त्यांचाच आहे. कोकण रेल्वे वीर, करंजाडीवरून गेली, पोलादपूरला स्टेशन नाही, वरच्या गावांना तर प्रश्नच नाही. आजारी माणूस, बाळंतीण, कॉलेजची पोरं, दुधाची कॅन, सगळं याच चाळीस किलोमीटरवरून.

१९५७ मध्ये एकदा या रस्त्यानं देशाचं लक्ष वेधून घेतलं. ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला आले, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीनं गडाकडे येणाऱ्या रस्त्यांवर काळी निशाणं घेऊन प्रचंड निदर्शनं केली. मुंबईसह महाराष्ट्र मिळायला अजून अडीच वर्षं होती. आमच्या आजोळी त्या दिवसाच्या आठवणी सांगणारी माणसं मी लहानपणी ऐकलीत, आपल्या या एवढ्याशा घाटात इतकी माणसं कुठून आली हेच आश्चर्य ते परत परत सांगायचे.

प्रतापगडाच्या फाट्यापुढे वाडा कुंभरोशी. साधारण निम्मा रस्ता संपला. इथे हॉटेलं, पिठलं-भाकरी, सिझनला स्ट्रॉबेरी आणि बारा महिने मध, जांभळाचा, कारवीचा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते त्यामुळे त्या वर्षीचा मध मिळाला तर घ्या, पण विचारून घ्या. मग मेटतळे, आणि मग रस्ता पठारावर चढतो, झाडी दाट होते, जांभूळ, हिरडा, अंजन, खिडकीतून येणारी हवा एकदम गार. रस्त्याच्या कापात दगड बघत गेलात तर खाली काळा कातळ आणि वर येता येता लालसर जांभा लागतो, ज्वालामुखीच्या थरांवर थर, आणि मध्ये मध्ये लाल मातीचे पातळ पट्टे. हे पट्टे लक्षात ठेवा, आता त्यांच्यावरच येतोय.

कारण या रस्त्याचा खरा शत्रू पाणी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर. कातळावर मुरूम-मातीचा थर आहे, तो पाणी पिऊन जड होतो, खालच्या कातळात पाणी मुरत नाही, मग दोघांच्या मधून पाणी वाहायला लागतं आणि वरचा थर घसरतो. झाली दरड. डोंगर कापून रस्ता केला की त्या थराचा पायच कापला जातो, त्यामुळे रस्त्याच्या वरच्या अंगाला धोका कायमचा. आणि रस्त्याच्या खालच्या अंगाला भरावाची भिंत असते, तिच्या मागे पाणी साचलं की ती पोट काढते आणि एक दिवस निम्मा रस्ता घेऊन खाली जाते.

यावर उपाय काय? मामांच्या भाषेत सांगायचं तर "पाण्याला वाट द्या, ते रस्ता सोडतं." मैलकुली म्हणजे ज्याच्याकडे रस्त्याचे ठरावीक किलोमीटर असायचे तो माणूस. एप्रिल-मेमध्ये त्यांचं मुख्य काम गटार आणि मोऱ्या. मोरी म्हणजे रस्त्याच्या खालून आरपार जाणारा पाइप किंवा दगडी नाळ, डोंगराच्या बाजूचं पाणी दरीच्या बाजूला काढून द्यायला. वर्षभरात तिच्या तोंडाशी पालापाचोळा, माती, दगड, आता तर प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं साचतात. मामा आत वाकून शिरायचे, एका हातात आखूड दांड्याचं फावडं, घमेल्यात गाळ भरून मागे सरकवायचा, मागचा माणूस तो बाहेर ओढायचा. पहारीनं अडकलेला दगड हलवायचा. आत साप असायचा कधी कधी, म्हणून आधी काठी आपटायची आणि थोडा वेळ थांबायचं. मोरी साफ झाली का हे बघायची त्यांची पद्धत साधी होती, या तोंडाशी बसून पलीकडचं झाड दिसलं पाहिजे. नुसता उजेड दिसून चालत नाही, झाड दिसलं पाहिजे. मग साइडपट्टी तासायची, म्हणजे रस्त्यावरचं पाणी कडेला गटारात उतरेल, डांबरावर थांबणार नाही. पावसाळ्यात भर पावसात घोंगडी नाहीतर इरलं घेऊन आपल्या हद्दीत चक्कर मारायची, कुठे पाणी गढूळ येतंय का बघायचं. डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी एकदम लाल झालं म्हणजे वर माती सुटतेय. तो लाल पट्टा हलला. मग पुढच्या वळणावर जाऊन गाड्या थांबवायच्या, दगड लावायचे, झाडाची फांदी आडवी टाकायची.

आता मैलकुली जवळजवळ राहिले नाहीत. रिटायर झाले त्यांच्या जागी माणसं भरली नाहीत, कामं ठेक्यानं जातात, जेसीबी येतो, दोन दिवसांत वीस किलोमीटर गटार ओरबाडून निघून जातो. जेसीबीचा बकेट मोरीच्या आत जात नाही. ही एवढी एक गोष्ट कुणाला तरी समजावून सांगायची आहे मला! गटार चकाचक दिसतं, फोटो निघतात, आणि मोरी आतून तुंबलेलीच राहते, मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर चढतं आणि भराव धुऊन नेतं.

२२ जुलै २०२१ ला जे झालं त्याला नुसत्या मोऱ्या पुरल्या असत्या असं मी म्हणत नाही. त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. वाईच्या वर्षभराच्या पावसातला मोठा हिस्सा, एका दिवसात, एका डोंगरावर. खाली महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली, महाड शहर पाण्याखाली. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटला, काही ठिकाणी खचला नाही तर चक्क नाहीसा झाला, कठड्यासकट. वरंधाचा घाटही बंद. कोयनेच्या बाजूची गावं आतल्या आत अडकली. वीज नाही, फोन नाही. आम्हा मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना चार दिवस घरची खबर नव्हती, व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ बघून हे वळण कुठलं, हे घर कुणाचं असं ओळखत बसायचो. मामांनी एका व्हिडिओतलं वळण मोरीच्या दगडांवरून ओळखलं. दुरुस्तीला कित्येक आठवडे गेले, आणि तोवर पोलादपूरच्या माणसाला महाबळेश्वरला जायचं तर चिपळूणवरून कुंभार्ली घाट, कराड, सातारा असा पूर्ण जिल्हा वळसा.

त्याच्या आधी तीन वर्षं, २८ जुलै २०१८ ला, दाभिळ टोकाजवळ दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. सहलीला निघालेली माणसं. बसमधला एकच माणूस वाचला, तो वर चढून आला म्हणून जगाला कळलं. महाबळेश्वर ट्रेकर्सची मुलं आणि खालच्या गावांतले लोक दोर लावून उतरले, पावसात, धुक्यात, आणि एकेक देह वर आणला. तिथून जाताना आजही एसटीत सगळे गप्प होतात, कुणीतरी हात जोडतं. मला त्या जागेवर सेल्फी काढणाऱ्यांचा खरंच राग येतो.

आता रुंदीकरणाची मागणी अधूनमधून होते. माझं मत विचाराल तर सरसकट रुंदीकरण नको. डोंगर अजून आत कापला की अजून मोठा थर मोकळा होणार, आणि २०२१ नंतरही ते कळलं नसेल तर काय बोलायचं. वळणांवर थोडी जागा वाढवा, दोन एसटी एकमेकींना ओलांडतील अशा बगला ठरावीक अंतरावर करा, दरीच्या बाजूला भक्कम कठडे, जिथे माती सुटते तिथे जाळीत दगड भरून केलेल्या भिंती, आणि मोऱ्यांचे पाइप मोठे करा. आणि माणसं ठेवा. दर चार-पाच किलोमीटरला एक माणूस, इथलाच, ज्याला आपला डोंगर माहिती आहे. रायगडच्या हद्दीतला भाग आणि साताऱ्याच्या हद्दीतला भाग यांची साफसफाई वेगवेगळ्या महिन्यात होऊन चालत नाही, पाण्याला जिल्हा माहिती नसतो, दोन्हीकडचं काम मेअखेर संपलं पाहिजे.

पावसाळ्यात जाणार असाल तर आमच्याकडचे काही नियम सांगून ठेवतो. निघायच्या आधी पोलादपूरला किंवा कुंभरोशीला चौकशी करा, गुगल मॅप घाट बंद असतानाही रस्ता दाखवतो. अंधार पडायच्या आत घाट उतरा. जुलैमध्ये धुकं असं असतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, तेव्हा पार्किंग लाइट लावून मधेच उभं राहू नका, मागचा येऊन आदळतो. धबधब्याखाली गाडी लावू नका, पाण्याबरोबर दगड येतात. डोंगरातून येणारं पाणी लाल दिसलं तर पुढे जाऊ नका, मागे फिरा, आणि समोरून येणाऱ्यांनाही सांगा.

आणि दिवाळीनंतर आलात तर सगळ्यात उत्तम. हवा स्वच्छ असते, प्रतापगडाच्या तटावरून खाली पार आणि वर रडतोंडीची सोंड दोन्ही दिसतात. गडावरून उतरल्यावर थेट महाबळेश्वर गाठायच्या ऐवजी पारला जा, पूल बघा, देवीला नमस्कार करा, रस्ता जरा खराब आहे पण छोटी गाडी जाते. परतीला कापड्याहून उमरठ. एका दिवसात आरामात होतं सगळं, फक्त सकाळी सातच्या आत पोलादपूर सोडा.